काळी चारला गिटार: सरकत्या कॉर्डचे नऊ महिने

१० सप्टेंबर २०२४, गणपतीचा चौथा दिवस. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मांडवात सासूबाईंच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता आणि त्यांनी पहिल्यांदाच मला गिटार घेऊन सोबत बसायला सांगितलं होतं. गिटार मी कॉलेजात वर्षभर शिकले होते. सी, ए, जी, ई, डी आणि दोन-तीन मायनर, सगळ्या उघड्या तारांच्या कॉर्ड (एकत्र छेडायचे सुरांचे गट). तालमीत आम्ही सगळं पांढरी पाचला (पेटीची पाचवी पांढरी म्हणजे सा), म्हणजे जी स्केलला बसवलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या काकूंनी काळी चार मागितली. मी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर (गळ्यावर धातूच्या आडव्या कडा असतात, त्यांतली पहिली) चढवला आणि निभावलं. दुसऱ्या काकूंनी काळी एक मागितली. कॅपो काढला, चौथ्या फ्रेटवर लावला, तारा जराशा चढ्या लागल्या म्हणून पुन्हा जुळवायला घेतल्या, तोवर अभंगाचे दोन अंतरे होऊन गेले. तिसऱ्या अभंगाला मी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि नुसता टाळ धरला. कुणी काही बोललं नाही. रात्री जेवताना आई (सासूबाईंना मी आई म्हणते) एवढंच म्हणाल्या, "पेटीवाल्या काकांना पट्टी बदलायला काही लावावं लागत नाही गं. तुला का लागतं?"

कॅपो वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. एका गाण्याला एक पट्टी असेल तर त्याने काम उत्तम होतं. पण भजनात दर दहा मिनिटांनी गाणारं माणूस बदलतं, आणि प्रत्येकाचा गळा वेगळा. तिथे लागतात सरकत्या कॉर्ड: एकच आकार हातात पक्का बसवायचा आणि तोच वर-खाली सरकवून हव्या त्या पट्टीत न्यायचा. उघड्या तारा जे काम करतात ते पहिल्या बोटाने आडवं पडून करायचं, म्हणून यांना बार कॉर्ड म्हणतात. ऐकायला सोपं आहे. मी महिनाभर घरीच प्रयत्न केला, पहिल्या फ्रेटवरच्या एफ कॉर्डवर, आणि सहापैकी दोन तारा कशाबशा वाजायच्या. चाळिशी उलटल्यावर बोटं वळणारच नाहीत, असं मनाने जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

तीन क्लासमध्ये चौकशी केली. एकाने वर्षाची फी एकदम मागितली, दुसऱ्याकडे फक्त लहान मुलांची बॅच होती. तिसरा दादरला, स्टेशनपासून सात मिनिटांवर. प्रवेश फी ५०० रुपये, महिन्याला २,४०० रुपये, दर रविवारी पाऊण तासाचा एक वर्ग, असे महिन्याला चार. फॉर्मबरोबर दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स लागली. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की गैरहजेरी आदल्या दिवशी कळवली तरच तास पुढे मिळेल. ते वाचूनच सही करा. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण रविवारी मेगा ब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद) असतो. मला पहिले दोन उशीर त्यामुळेच झाले. मग शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची बातमी बघायची आणि गरज पडली तर तासभर आधी निघायचं, ही सवय लावून घेतली. गिटारला जाड पाठीवरची पिशवी घ्या (मला १,८०० रुपयांना मिळाली) आणि डब्यात ती पाठीवर न ठेवता पुढे पोटाशी धरा. गर्दीत मागून धक्का बसला की खुंट्या फिरतात.

पहिला तास ६ ऑक्टोबरला झाला. सर वसईचे, घरी मराठीच बोलणारे. माझा एफ त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, "मॅडम, हा महिनाभर विसरा. पाचव्या फ्रेटवर या." तिथे तोच आकार धरला आणि चार तारा लगेच बोलल्या. मला वाटलं आपली फसवणूक होतेय, इतकं ते सोपं गेलं. घरी येऊन मोजपट्टीने मोजलं. माझ्या गिटारच्या तारेची लांबी, खालच्या घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत (खुंट्यांजवळची खाचा असलेली पट्टी), ६५० मिलिमीटर. पहिला फ्रेट वरच्या पट्टीपासून साधारण ३६ मिलिमीटरवर, पण चौथ्या आणि पाचव्या फ्रेटमधलं अंतर फक्त २९. अर्धा सूर चढवायला तार दरवेळी उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या भागाने आखूड करावी लागते, म्हणून वर जाऊ तसे फ्रेट जवळ येतात. बाराव्यावर तार बरोबर निम्मी होते. शिवाय पहिल्या फ्रेटच्या लगेच मागे ती वरची पट्टी असते, तिच्या खाचेतून तार उंच निघाली असेल तर दाबायला जास्त जोर लागतो. म्हणजे नवशिक्याला जिथून सुरुवात करायला सांगतात ती गळ्यावरची सगळ्यात अवघड जागा असते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझा सप्टेंबर वाचला असता, म्हणून इथे ठळकपणे सांगते: पाचव्या फ्रेटवर सुरू करा आणि आठवड्याला एक फ्रेट खाली या.

सरांनी त्याच दिवशी गिटार हातात घेऊन तारा फार उंच असल्याचं दाखवलं. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात जवळजवळ ४ मिलिमीटर. १४ ऑक्टोबरला एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, ८०० रुपये, "चार दिवसांत या." बारा दिवस लागले, आणि परत आली तेव्हा तिसऱ्या फ्रेटवर तार खरखरत होती. पावतीवर काय काम केलं ते लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे वादही घालता आला नाही. दिवाळीनंतर दुसऱ्याकडे नेली. त्याने १,५०० घेतले, पण आधी माप लिहून दिलं, नंतरचं मापही लिहून दिलं: जाड तार २.५ मिलिमीटर, बारीक तार २ च्या आत. वरच्या पट्टीच्या खाचा कानशीने खोल केल्या. नव्या हलक्या तारांचा संच मी धोबीतलावला जेर महालातल्या फुर्टाडोजमधून ६५० रुपयांना आणला. १८६५ पासूनचं दुकान आहे ते, आणि काउंटरपलीकडच्या माणसाने मी काय वाजवते हे विचारूनच पाकीट काढलं. दुरुस्तीला द्याल तेव्हा आधीचं आणि नंतरचं माप पावतीवर लिहून मागा. आणि ही दुरुस्ती बोटांना दोष देण्याआधी करून घ्या.

नोव्हेंबरात शेजारच्यांनी तक्रार केली. बार कॉर्डचा सराव म्हणजे तेच तेच ठणठण, त्यांची मुलगी दहावीला. त्यांचं चूक नव्हतं. मी कमिटीला अर्ज लिहिला: सोसायटीचा हॉल मंगळवार-गुरुवार रात्री आठ ते नऊ सरावासाठी मिळावा. महिन्याची मीटिंग होईपर्यंत अठरा दिवस थांबले. मंजुरी आली, ३०० रुपये अनामत, रजिस्टरमध्ये सही करून किल्ली घ्यायची, पंखे-दिवे बंद केल्याची पुन्हा सही. रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. खिडकीतून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर तिथे माझ्या चुकांशिवाय काही नसायचं. ते मला आवडायला लागलं.

मग डिसेंबरात मनगट दुखायला लागलं. सर सांगत होते की पहिलं बोट सपाट न ठेवता जरा अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर कलतं ठेवा, अंगठा गळ्याच्या मागे मध्यावर, कोपर अंगाजवळ, आणि दाबायला दंडाचं वजन वापरा. मी मात्र चिमट्यासारखं आवळत होते. तार वाजली नाही की आणखी आवळायचं. ४ जानेवारीला हाडांच्या डॉक्टरकडे गेले. टेंडनला सूज, तीन आठवडे डाव्या हाताने तार दाबायची नाही. तपासणी १,००० रुपये, फिजिओथेरपीच्या सहा बैठका प्रत्येकी ५००. ऑफिसच्या मेडिक्लेमचा फॉर्म भरून पाठवला, परत आला: माझ्या पॉलिसीत ॲडमिट न होता झालेला खर्च बसत नाही. क्लासला मात्र डॉक्टरांची चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी महिन्याची फी पुढे वळवली. चिठ्ठीची झेरॉक्स जवळ ठेवा.

त्या तीन आठवड्यांत मी खूप निराश झाले होते. घरात गिटारच्या पिशवीकडे बघवत नव्हतं. पण खरं शिकणं तेव्हाच झालं.

आईंच्या मंडळाचे पेटीवाले काका दोन मजले खाली राहतात. त्यांची पेटी जुनी आहे. हल्लीच्या स्केल चेंजर पेटीत बोटांखालच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सगळा संचच सरकतो आणि बोटं तीच राहतात. काकांच्या पेटीत ती सोय नाही, प्रत्येक पट्टीतून ते बोटांनीच वाजवतात. मी त्यांना विचारायला गेले की एवढ्या पट्ट्या लक्षात कशा राहतात. ते म्हणाले, "मी पट्ट्या लक्षात ठेवतच नाही, सूनबाई. सा कुठे ठेवला तेवढं लक्षात ठेवतो. बाकीची मंडळी त्याच्या नात्याने बसतात." मग म्हणाले, "तुझ्या त्या आकारात सा कुठलं बोट आहे?"

मला सांगता आलं नाही. तीन महिने मी आकार धरत होते आणि त्यातलं एकेक बोट कोणता सूर वाजवतंय हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री कागद घेऊन बसले. ई शेप (उघड्या ई कॉर्डचा आकार; बाकीची नावंही तशीच), जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत: सा प सा ग प सा. ए शेप, पाचव्या तारेपासून: सा प सा ग प. डी शेप, चौथ्या तारेपासून: सा प सा ग. सी शेप: सा ग प सा ग. जी शेप: सा ग प सा ग सा. पाच आकार, आणि पाचही म्हणजे सा, ग आणि प यांच्याच वेगवेगळ्या रांगा. ई शेपमध्ये मधलं बोट एकटं ग वाजवतं. ते उचललं की ग कोमल होतो आणि कॉर्ड मायनर होते. इतकी वर्षं मेजर-मायनर पाठ केलं होतं, तो कोमल गंधार आहे हे कागदावर बघताना मला भरून आलं. आई आतून म्हणाल्या, "झोप आता." मला झोप येणं शक्यच नव्हतं.

मग पट्ट्या मांडल्या. ई शेपचा सा सहाव्या तारेवर, पहिल्या बोटाखाली. ती तार उघडी म्हणजे ई, पेटीची पांढरी तीन. पहिल्या फ्रेटवर पांढरी चार, दुसऱ्यावर काळी तीन, तिसऱ्यावर पांढरी पाच, चौथ्यावर काळी चार, पाचव्यावर पांढरी सहा, सहाव्यावर काळी पाच. ए शेपचा सा पाचव्या तारेवर: तिसऱ्या फ्रेटवर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक, पाचव्यावर पांढरी दोन, सहाव्यावर काळी दोन. म्हणजे मांडवात ज्या दोन पट्ट्यांनी मला अडवलं होतं, काळी चार आणि काळी एक, त्या दोन्ही चौथ्या फ्रेटवरच होत्या. हात हलवायचाच नव्हता, फक्त आकार बदलायचा होता.

याच्यापुढची गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली. सा सहाव्या तारेवर ई शेपने धरला असेल, तर मध्यमाची कॉर्ड त्याच फ्रेटवर ए शेपने मिळते आणि पंचमाची त्याच्या दोन फ्रेट वर, पुन्हा ए शेपने. सा पाचव्या तारेवर असेल, तर पंचम त्याच फ्रेटवर ई शेपने आणि मध्यम त्याच्या दोन फ्रेट मागे. बहुतेक साध्या चालींना एवढ्या तीन कॉर्ड पुरतात, आणि हे नातं कुठल्याही पट्टीत बदलत नाही. कॉर्डची इंग्रजी नावं मी त्या दिवसापासून मनात म्हणणंच सोडलं. सा, म, प म्हणते.

२६ जानेवारीला पुन्हा गिटार हातात घेतली. सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. गजर झाला की चांगलं वाजत असलं तरी थांबायचं. सरावाची पद्धतही बदलली: आकार धरायचा, एकेक तार छेडायची, जी बोलत नाही तिच्यासाठी जोर न वाढवता बोट केसभर फ्रेटकडे सरकवायचं. मग हात पूर्ण सैल सोडायचा आणि पुन्हा धरायचा. सर म्हणायचे, "धरण्याचा सराव सगळे करतात, सोडण्याचा करा." एका कॉर्डवरून दुसरीवर सरकताना आकार तसाच ठेवून दाब काढायचा, तेही यातूनच जमलं. ए शेप फेब्रुवारीभर छळत राहिला. तीन बोटं एका फ्रेटमध्ये दाटीवाटीने बसवण्यापेक्षा अनामिका आडवी टाकून तीन तारा दाबणं मला सोयीचं पडलं, पहिली बारीक तार त्यात मुकी होते ती होऊ दे.

गुढीपाडव्याला, ३० मार्चला, जेवणं झाल्यावर आईंना म्हटलं, गा. त्या काळी चारला एक अभंग गायल्या, मी बसल्या जागी वाजवत राहिले. दोनदा पंचमाची कॉर्ड चुकली. त्यांनी डोळे मिटलेले होते, उघडले नाहीत. अभंग संपल्यावर म्हणाल्या, "आता काळी पाचला घेऊ का?" मी दोन फ्रेट वर गेले. काळी चारवरून काळी पाचला जाणं माझ्यासाठी एवढंच उरलं होतं, हे अजूनही मला नवलाचं वाटतं.

एप्रिल-मेमध्ये उरलेले तीन आकार घेतले. पूर्ण सी शेप आणि जी शेप सरकवणं माझ्या बोटांना जमत नाही, आणि सरांनी हट्टही धरला नाही. त्यातल्या वरच्या तीन-चार ताराच वाजवायच्या. पण पाचही आकार एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे समजून घ्या. पांढरी एकची कॉर्ड गळ्यावर वर चढत नेली की आकार याच क्रमाने येतात: उघडा सी, तिसऱ्या फ्रेटवर ए शेप, पाचव्यावर जी शेप, आठव्यावर ई शेप, दहाव्यावर डी शेप आणि बाराव्यावर पुन्हा सी. प्रत्येक आकाराचा शेवट पुढच्याची सुरुवात असतो. सा शोधायची खूणही आहे: सहाव्या तारेवरचा सा दोन फ्रेट वर चौथ्या तारेवर सापडतो, पाचव्या तारेवरचा दोन फ्रेट वर तिसऱ्या तारेवर. पण चौथीवरून दुसरीवर जाताना तीन फ्रेट. हा एक जास्तीचा फ्रेट मला आठवडाभर चुकवत होता. तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेतलं अंतर चार फ्रेटचं आहे, बाकी सगळ्या शेजारच्या तारांमध्ये पाच, म्हणून असं होतं. सी, ए, जी, ई, डी हे आकार एकसारखे दिसत नाहीत त्याचं मोठं कारण हीच दुसरी तार.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तारांवर तांबूस डाग दिसायला लागले. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार पुसायची आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. दमट हवेत लाकूड फुगून तारा पुन्हा किंचित उंच झाल्या होत्या, पण या वेळी जुनं माप पावतीवर होतं, त्यामुळे दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत, २०० रुपयांत पूर्ववत करून दिली. मंडळाबरोबर तालमी सुरू झाल्या तेव्हा आणखी एक धडा मिळाला: माझा ट्यूनर (तारा जुळवायचं यंत्र) ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर लावलेला, काकांची पेटी त्याहून जराशी चढी. दोघं आपापल्या जागी बरोबर, एकत्र मात्र बेसूर. पेटीचे सूर बसल्या जागी बदलता येत नाहीत, म्हणून गिटार पेटीशी जुळवायची, ट्यूनरशी नाही.

काकांनी एक सूचना केली ती मी पाळते. रागाला ज्या ठिकाणी माझा ग बोचतो तिथे मी जाड बाजूच्या तीनच तारा वाजवते, सा प सा. तेवढा आधार पुरतो आणि गाणाऱ्याला मोकळीक राहते.

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी, रविवार. सोसायटीच्या त्याच हॉलमध्ये कार्यक्रम. पाच गायिका, चार पट्ट्या. कॅपो मुद्दाम घरी ठेवला होता. हात गार पडले होते, म्हणून सुरू होण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात धरून बसले. पहिल्या अभंगात मध्यमाऐवजी पंचमाला गेले, काकांनी पेटीवरून मान वर करून मध्यम जरा दाबून वाजवला, मी परतले. आईंची पाळी चौथी. उपास आणि पावसाळी हवा, गळा बसला होता. गजराला सुरुवात करून त्या थांबल्या आणि हात खाली करत म्हणाल्या, "अर्धी उतरवा." काकांनी बोटं बदलली. मी चौथ्या फ्रेटवरून तिसऱ्यावर आले. आईंनी लगेच सूर उचलला, टाळ सुरू झाले, आणि मला डावीकडे बघावंही लागलं नाही.

भैरवी काळी एकला झाली. तिथे मी सा-प एवढंच धरून बसले.

आवरताना काकांनी भाता बांधला, पेटीवर कापड टाकलं आणि म्हणाले, "पुढच्या आषाढीला दिंडीत चालायचं ठरतंय. उभ्याने वाजवावं लागेल. गिटारला पट्टा आहे का गं?" नव्हता. सोमवारी ऑफिसातून येताना आणला, ३५० रुपये. उभं राहिल्यावर मनगटाचा कोन बदलतो आणि पहिलं बोट पुन्हा सपाट पडायला बघतं, म्हणून सध्या पाचव्या फ्रेटवरून सुरुवात केली आहे.